खोटी गुहा बघायला जावं का?

एवढ्या लांब जायचं आणि खोटी गुहा बघायची? उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी मी कुणाला फ्रान्समधलं दॉर्दोन्य सुचवलं, की हा प्रश्न हमखास येतो. तुम्ही इंग्लंडमध्ये राहत असाल, तर बोटीने कॅलेला उतरायचं, तिथून सुमारे आठशे किलोमीटर गाडी हाकायची, वर तिकिटाचे पैसे भरायचे. आणि बघायची काय, तर नक्कल!

माझं मत अगदी उलट आहे. ती नक्कल आहे, म्हणूनच मुलांना घेऊन जा.

आधी जागा कशी आहे ते सांगते. दॉर्दोन्य हा फ्रान्सच्या नैऋत्येचा एक जिल्हा. जुनं नाव पेरिगोर, आणि तिथले लोक अजूनही तेच नाव वापरतात. अक्रोडाच्या बागा, चुनखडीचे उंच कडे, मधाच्या रंगाच्या दगडाची घरं. नदीचं नावही दॉर्दोन्यच. व्हेझेर नावाची एक लहान नदी तिला येऊन मिळते. या व्हेझेरच्या खोऱ्यात आदिमानवाच्या इतक्या खुणा सापडल्या, की युनेस्कोने १९७९ साली तिथल्या गुहा जागतिक वारशाच्या यादीत घेतल्या.

त्यातली सगळ्यांत प्रसिद्ध गुहा म्हणजे लास्को. सप्टेंबर १९४० मध्ये माँतिन्याक गावाजवळ चार पोरं जमिनीतल्या एका भोकातून आत उतरली. आत भिंतींवर आणि छतावर बैल, घोडे, हरणं! एक बैल तर पाच मीटरांहून लांब. चित्रं किमान सतरा हजार वर्षांपूर्वीची. रंग कुठले? लाल-पिवळ्यासाठी गेरूसारखी माती आणि काळ्यासाठी मँगनीज. तुळशीवृंदावनाला आपण जो गेरू लावतो ना, त्याच जातीचा हा रंग.

१९४८ साली गुहा सर्वांसाठी उघडली. लोकांची रीघ लागली. काही वर्षांतच दिवसाला हजाराहून जास्त माणसं आत जायला लागली. कुणी चित्रांना हात लावला नाही, कुणी काही तोडलं नाही. लोकांनी फक्त श्वास घेतला. त्या श्वासातली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड भिंतींवर बसत गेला. दिव्यांच्या उजेडात हिरवं शेवाळ आलं, मग पांढरा थर धरायला लागला. हजारो वर्षं टिकलेली चित्रं पंधरा वर्षांत आजारी पडली. शेवटी १९६३ साली सांस्कृतिक खात्याचे मंत्री आँद्रे मालरो यांनी गुहा बंद केली.

जरा विचार करा. गाव लहान. प्रवासी येतात, पैसे देतात. हॉटेलं चालतात, दुकानं चालतात. आणि सरकार म्हणतं, दार बंद. असा निर्णय घेणं सोपं नसतं. आपल्याकडे असं काही झालं असतं तर? मला तर मोर्चाच दिसतो.

पण दार बंदच राहिलं. मग १९८३ मध्ये मूळ गुहेपासून दोनशे मीटरवर पहिली प्रतिकृती उघडली. मोनिक पेत्राल या चित्रकर्तीने तिच्यावर अनेक वर्षं काम केलं, तेही तसलेच मातीचे रंग वापरून. पुढे २०१६ च्या डिसेंबरात टेकडीच्या पायथ्याशी आणखी मोठी, जवळजवळ पूर्ण गुहेची प्रतिकृती झाली. आज तुम्ही जाता ती हीच.

आमच्या मुलाने तिथे मला विचारलं, ‘‘आई, मग खरी कुठेय?’’ म्हटलं, ‘‘वर, टेकडीत.’’ ‘‘आपण का नाही जायचं?’’ ‘‘आपल्या श्वासाने ती खराब होते.’’ तो बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, ‘‘मी श्वास धरून ठेवला तर?’’ त्या दिवशी तो जे शिकला, ते खऱ्या गुहेत शिकला नसता असं मला वाटतं.

आता विरोधी बाजूचंही ऐकू. नक्कल ती नक्कलच. तिथे ओल्या दगडाचा वास नाही. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी नेमका याच दगडावर हात टेकला होता, हा शहारा नाही. मान्य. मलाही तो आला नाही. म्हणून मी सांगेन, सोबत एक अस्सल गुहाही बघा. लेझ एझी गावाजवळची फाँ-द-गोम अजून उघडी आहे. रोज मोजक्याच लोकांना, लहान लहान गट करून आत सोडतात. तिकीट मिळालं नाही तर चिडू नका. उद्या तीही बंद झाली, तर मी तरी तक्रार करणार नाही.

किंवा रुफिन्याकला जा. तिथे विजेवर चालणाऱ्या छोट्या गाडीत बसून डोंगराच्या पोटात जाता येतं. मुलं खूश! छतावर मॅमथ काढलेले आहेत, म्हणजे ते लांब केसांचे जुने हत्ती. पण मॅमथ बघता बघता तुम्हाला माणसांची नावंही दिसतील. जुन्या काळच्या प्रवाशांनी मेणबत्तीच्या काजळीने स्वतःची नावं लिहून ठेवली आहेत, काही थेट चित्रांवरच.

हे बघून मला अजिंठा आठवला. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला गेला आणि त्याला अजिंठ्याची लेणी ‘सापडली’. साहेबाने काय केलं? दहाव्या लेण्यात चित्रावरच आपलं नाव आणि तारीख कोरली. गंमत म्हणजे फ्रान्सच्या गुहेतले असोत की हा साहेब, हे लोक अडाणी नव्हते. चांगले शिकलेले होते. आपण इथे आलो होतो हे त्यांना जगाला सांगायचं होतं, एवढंच. आज आपण नाव कोरत नाही, फोटो काढतो. अजिंठ्यात फ्लॅश वापरायला बंदी आहे आणि दिवेही मंद असतात. त्यावर कुरकुर करणारे तुम्ही ऐकले असतील. मीही पूर्वी करायचे. लास्को बघून आल्यापासून बंद केली.

दॉर्दोन्यला गेलात तर पळापळ करू नका, एवढं माझं ऐका. एका दिवसात पाच गावं असा कार्यक्रम आखू नका. एकाच गावात आठवडाभर घर भाड्याने घ्या. गाडी मात्र हवीच, कारण बस फारशा नाहीत. नदीच्या एका काठावर बेनाकचा किल्ला आहे, थोडं पुढे दुसऱ्या काठावर कास्तेलनोचा. शंभर वर्षांच्या युद्धात एकीकडे फ्रेंच तर दुसरीकडे इंग्रज असायचे. मधून आज मुलं होडी वल्हवत जातात. माँपाझिये हे गाव तर इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाने १२८४ साली वसवलं. सरळ रेषेतल्या गल्ल्या, मधोमध चौक. लंडनमध्ये शाळेत जाणाऱ्या मुलांना आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला राजा इथे कसा, हे कोडं जरूर घाला.

दुपारी बारा ते दोन बरीच दुकानं बंद असतात. रविवारी दुपारनंतर तर शुकशुकाट. दूध, पाव आधी आणून ठेवा. दुकानात शिरताना ‘बाँझूर’ म्हणा, मग वस्तू मागा. नाही म्हटलंत तर दुकानदार तुमच्याकडे जे बघतो, ते विसरता येत नाही.

खाण्याचं शाकाहारी लोकांना जरा जड जातं. सगळीकडे बदक! सार्लाचे बटाटे म्हणून जी साधी दिसणारी लसूण-बटाट्याची भाजी मिळते, तीसुद्धा बदकाच्या चरबीत परततात. विचारल्याशिवाय घेऊ नका. शनिवारी सकाळी सार्लाच्या बाजारात जा. बकरीच्या दुधाचं चीज, अक्रोड घातलेला पाव, स्ट्रॉबेऱ्या, टोमॅटो. आम्ही तेच घेऊन नदीकाठी बसायचो.

आणि स्वेटर न्या. बाहेर पस्तीस अंश असले तरी रुफिन्याकच्या गुहेत तेराच असतात.