डिस्क घासायची की नवी टाकायची?

मैत्रिणींनो, आज विषय गॅरेजचा आहे. पण गाडी आता आपणही चालवतो, आणि बिल तर आपल्याच घरखर्चातून जातं!

पाट्याला टाकी लावायची, पातेल्यांना कल्हई करायची, विळीला धार लावून आणायची, हे आपल्या घरात मुरलेलं आहे. त्यामुळे मिस्त्री म्हणाला, "वहिनी, डिस्क लेथवर घासून देतो, नवी कशाला घेता?" की आपल्याला लगेच पटतं. कुणी दुसरा म्हणतो, "बदलूनच टाका." माझं मत असं की दोघांनाही आधी एकच विचारावं: भाऊ, जाडी किती उरली आहे?

ब्रेकची डिस्क म्हणजे चाकामागची बिडाची चकती. पॅड तिला दोन्ही बाजूंनी दाबतात. किती झिजेपर्यंत ती चालेल, तो आकडा बहुतेक डिस्कच्या कडेवर कोरलेला असतो. नव्या डिस्कची जाडी आणि ही मर्यादा यांत साधारण दोनच मिलिमीटरचा फरक असतो. लेथवर दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिलिमीटर काढला, तर त्यातला एक तिथेच गेला. म्हणून मोजायचं ते घासल्यानंतर किती उरेल हे. काठावरच येत असेल तर पैसे वाचत नाहीत. वर्षभरात पुन्हा चाक खोला, पुन्हा मजुरी द्या. भेग असेल किंवा जाडी मर्यादेखाली गेली असेल, तर घासण्याचा प्रश्नच नाही. आणि बदलायची तर पुढच्या दोन्ही चाकांची एकदम, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

जाडी एवढी महत्त्वाची का, तर ब्रेकची सगळी उष्णता ही चकतीच सोसते. पातळ तवा कसा पटकन तापतो, तसंच हे. दोंडाईचा ते शहादा सपाट रस्त्यावर ते कळणार नाही. पण महाराजसाहेबांच्या दर्शनाला इंदूरकडे गेलो आणि येताना बिजासन घाट उतरायला लागलो, की कळतं. ४ जुलै २०२३ ला त्याच महामार्गावर, आपल्या शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरला ब्रेक निकामी झालेला ट्रक हॉटेलात घुसला आणि दहा माणसं गेली. ट्रकच्या ब्रेकची रचना वेगळी असते, हे खरं; उतार मात्र तोच.

मग घासूच नये का? तसं नाही. ब्रेक दाबल्यावर पायाखाली थरथर होते, डिस्क जाड आहे आणि पृष्ठभाग फक्त खडबडीत झाला आहे, तर जरूर घासून घ्या. चांगलं बीड भंगारात का द्यायचं? फक्त डिस्क बसवण्याआधी हबवरचा गंज साफ करायला सांगा, नाहीतर ती किंचित तिरकी बसते आणि थरथर परत येते. पॅडही नवेच घाला, आणि सुरुवातीचे काही दिवस ब्रेक हळुवार वापरा.

पावसाळ्यात चार दिवस गाडी उभी राहिली की डिस्कवर तांबूस गंज दिसतो. तो दोन-चारदा ब्रेक दाबला की जातो, त्याचे पैसे कुणालाही देऊ नका.

गॅरेजमध्ये "तुम्हाला नाही कळायचं" असं ऐकू आलं, तरी उभ्या राहा. कॅलिपर लावून मोजायला दोन मिनिटं लागतात. आकडा वहीत लिहून ठेवा, तारीख आणि किलोमीटरसकट. पुढच्या सर्व्हिसिंगला तो कामाला येतो.