कापड पारखा, बाई पारखू नका



यंदा उन्हाळ्यात अकोल्याला आमचं दोन दिवसांचं शिबिर झालं. दुपारी जेवणानंतर डुलक्या येतात म्हणून मी एक खेळ ठेवला होता. आठ चिठ्ठ्या लिहिल्या. प्रत्येक चिठ्ठीवर एका बाईच्या फक्त कपड्यांचं वर्णन. नाव नाही, वय नाही, जात नाही. जिला जी चिठ्ठी येईल तिनं ती मोठ्यानं वाचायची, ती बाई व्हायचं आणि "नवरा मारतो" अशी तक्रार घेऊन केंद्रात यायचं. बाकीच्या सगळ्या केंद्राच्या कार्यकर्त्या.

पहिली चिठ्ठी होती : "कडक इस्त्रीची सुती साडी, जुळतं पोलकं." तिला लगेच खुर्ची मिळाली, "या ना ताई, बसा" झालं. दुसरी : "टिकल्यांची चकाकती साडी, ओठांना लाली." तिला पहिलाच प्रश्न, "खरंच मारलं का? अंगावर तर काही दिसत नाही." तिसरी : "विटकं पातळ, ठिगळाचं पोलकं." तिच्याबद्दल सगळ्यांना कळवळा आला, पण तिला अरेतुरे झालं आणि तिच्याऐवजी आम्हीच बोलत सुटलो. तिघींची तक्रार एकच होती. कधी मारलं, कशानं मारलं, मुलं कुठं आहेत, आज रात्री झोपायला जागा आहे का, हे मात्र कुणी विचारलं नाही.

सगळ्या खूप हसल्या. मला हसू येईना. बऱ्याच वर्षांपूर्वी अमरावतीला एक बाई माझ्याकडं आली होती. नवी कोरी साडी, केसांत गजरा. "हिचं काही फार गंभीर नसावं" असं मी मनाशी ठरवलं आणि तिला पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. हापिसात जायचं म्हणून तिनं असेल नसेल ती चांगली साडी नेसली असेल, हे मला फार उशिरा सुचलं. ती पुन्हा आली नाही. तिचं पुढं काय झालं, मला माहीत नाही.

त्या शिबिरात दर्यापूरकडची एक कापूस वेचणारी बाई होती. चकाकती साडी तिच्याच अंगावर होती. एवढ्या कापसाच्या मुलखात राहून तुम्ही नायलॉन, पॉलिस्टर का नेसता, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "ताई, सकाळी पऱ्हाटीत दव राह्यते. सुती लुगडं वलं झालं का दुपारवरी वलंच. हे घंट्याभऱ्यात वाळते. अन् दोनच लुगडे हायेत माह्यापाशी." मग तिनं माझ्या साडीचा पदर चिमटीत धरून चोळला. "हे निरं सुती नोहे, ताई." पदराच्या टोकाचा एक धागा ओढून तिनं काडी लावली. सुती धागा कागदासारखा जळतो, त्याची राख होते. माझा धागा आक्रसला आणि टोकाला टणक गोळी उरली. शुद्ध सुती म्हणून घेतलेली साडी होती ती!

पहिल्या वेच्याचा कापूस कोणता, फरदडीचा कोणता, कवडी कोणती, हे या बायांची बोटं सांगतात. बाजारात गेल्यावर कापसाची धाग्याची लांबी बघतात, ओलावा मोजतात. कापसाला निदान माप आहे. बाईला माप लावताना मात्र ज्याला जे वाटेल ते.

हे कोर्टातही घडतं. २०२२ साली केरळातल्या एका सत्र न्यायालयानं तक्रारदार बाईचे कपडे उत्तेजक होते असा शेरा मारून आरोपीला अटकपूर्व जामीन दिला. तो शेरा पुढं उच्च न्यायालयानं काढून टाकला. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं न्यायाधीशांसाठी पुस्तिका काढली आणि कपड्यांवरून बाईची परीक्षा करू नका असं बजावलं. आपल्या केंद्रांसाठी अशी पुस्तिका कोण काढणार?

कपडा ही साधी गोष्ट नाही, हे आपल्या आधीच्या बायांना पक्कं ठाऊक होतं. १९२७ च्या डिसेंबरात महाडला डॉ. आंबेडकरांनी बायांना सांगितलं की जातीची खूण पटवणारी लुगडं नेसायची पद्धत सोडा. अनेकींनी ती सोडली. १९४२ साली नागपूरला दलित महिलांची परिषद भरली, तिच्या अध्यक्षा अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. आपण काय नेसायचं हे ज्या बाया स्वतः ठरवू लागल्या, त्याच पुढं सभा चालवू लागल्या. आणि आपण? गाडगेबाबांच्या चिंध्यांपुढं सारा वऱ्हाड हात जोडतो. चिंध्यांतली बाई दारात आली की तिला "तू" म्हणतो.

कपड्यांकडं बघूच नका असं मी म्हणत नाही. बघा, पण पुरावा म्हणून बघा. कुठं फाटलंय, डाग कसला आहे, बटण तुटलंय का, ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या. ते कपडे धुवू देऊ नका. ओले असतील तर सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरून डाग खराब होतात. आणि साडी भारी की हलकी, शोभते की नाही, हे तक्रारीच्या कागदावर येता कामा नये.

हा खेळ आपापल्या गटात खेळून पाहा. चिठ्ठ्या तुमच्या गावच्या लिहा. एका चिठ्ठीवर स्वतःचे कपडे लिहायला विसरू नका. मी लिहिले होते. ती चिठ्ठी वाचून एकजण पटकन म्हणाली, "ही काही आपलं ऐकून घेणारी दिसत नाही."