साचाखाते आणि संगणकीय नियोजन

कारखान्यातील उत्पादन नियोजन संगणकावर आणणे हे निव्वळ तांत्रिक काम आहे, असे आमच्या व्यवसायात मानले जाते. फळ्यावरचे किंवा एक्सेलमधले वेळापत्रक उचलायचे, मागणी, साठा आणि यंत्रांची क्षमता यांची माहिती भरायची, आणि कोणती ऑर्डर कोणत्या यंत्रावर कधी लागेल हे प्रणालीवर सोपवायचे. ही समजूत आम्हांला मान्य नाही. कोणते काम कोणाच्या वाट्याला यावे, हेही त्याच वेळापत्रकात ठरते.

मुंबईच्या कापडगिरण्यांत साचाखात्याची मजुरी अधिक होती. धोट्यात नवी कांडी भरताना विणकर सुताचे टोक तोंडाने ओढून घेत; त्यामुळे विटाळाचे कारण सांगून अस्पृश्य कामगारांना त्या खात्याची दारे बंद ठेवली गेली. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. त्या काळी एखाद्या गिरणीत आजची प्रणाली असती तर काय झाले असते? कोणाला कोणते काम येते हे सांगणाऱ्या तक्त्यात, ज्याला आम्ही ‘स्किल मॅट्रिक्स’ म्हणतो, अस्पृश्य कामगाराच्या नावापुढे साचाखात्याचा रकाना रिकामा राहिला असता. प्रणालीने तो रकाना वाचून त्याला कधीही साचा दिला नसता, आणि जातीचा उल्लेख कोठेही झाला नसता.

आज परदेशातील कारखान्यांत हेच रकाने कंत्राटी आणि स्थलांतरित कामगारांपुढे रिकामे दिसतात. त्यांना काम येत नाही, की शिकवलेच गेले नाही, हे तक्ता सांगत नाही.

म्हणून जुनी पद्धत बरी होती असे मात्र नव्हे. जॉबरच्या मर्जीपेक्षा लेखी नियम केव्हाही बरा, कारण त्याला आव्हान देता येते. परंतु आव्हान देण्यासाठी तो दिसला पाहिजे. मूळ एमआरपीचे गणित यंत्रांची क्षमता अमर्याद धरून चालत असे. कागदावर बसलेला जादा भार प्रत्यक्षात रात्रपाळीने उचलायचा. क्षमतेची मर्यादा मानणाऱ्या नव्या प्रणालींतही प्रत्येक कामाला लागणारा वेळ कोणीतरी आधी भरून ठेवलेला असतो. प्लास्टिक मोल्डिंगमध्ये पांढऱ्यानंतर काळा रंग घेतला तर यंत्र लवकर साफ होते, उलट क्रमाने बराच माल वाया जातो. हे ऑपरेटरला ठाऊक असते. त्याला न विचारता सरासरी वेळ भरला, तर उशिराचा ठपका मात्र त्याच्यावर येतो.

अशा प्रणाली लिहिणाऱ्या आपल्या बांधवांनी आराखड्याच्या पहिल्याच बैठकीत दोन गोष्टींचा आग्रह धरावा, असे आम्हांला वाटते. कौशल्याच्या रकान्याशेजारी प्रशिक्षण देऊ केल्याची तारीख असावी. ती कोरी असेल तर व्यवस्थापनाला जाब विचारता येईल. आणि प्रमाणित वेळेवर ऑपरेटरला हरकत नोंदवता यावी. ती कोणी, कोणत्या कारणाने फेटाळली, हेही त्याच पडद्यावर त्याला दिसावे.