कार्यभाराच्या यादीत नसलेले

उन्हाळी सुटीत बदलीचा हुकूम आला आणि बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात वसलेल्या ज्या द्विशिक्षकी शाळेत माझ्या सेवेची सात वर्षे गेली, तिचा कार्यभार मी सहकाऱ्याकडे रीतसर सुपूर्द केला. जनरल रजिस्टर, हजेरीपत्रके, जडवस्तुसंग्रहाची नोंदवही, पोषण आहाराचा शिल्लक तांदूळ, कपाटाच्या किल्ल्या अशी यादी वाचली गेली, तिच्याखाली स्वाक्षऱ्या झाल्या, आणि दप्तरी मी त्या शाळेतून कार्यमुक्त झालो.

जे खरोखर सुपूर्द करावयाचे होते, ते त्या यादीत नव्हते. दसरा उलटला की मुकादमाकडून उचल घेतलेल्या आईबापांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. तेव्हा पटावरील कोणती मुले त्यांच्याबरोबर जाणार, कोणती आजीपाशी राहणार, आणि कोणत्या आजीला आता दिसेनासे झाल्यामुळे नातवाची सोय हंगामी वसतिगृहात वेळीच लावली पाहिजे, याला कोणत्याही नोंदवहीत रकाना नसतो. उसाच्या फडावरून परतलेली तिसरीतील एक मुलगी पहिले पंधरा दिवस वर्गात ओठ उघडत नाही. चारचौघांत वाचावयास सांगितले तर दुसऱ्या दिवशी येत नाही, आणि धाकट्या भावाला गोष्ट वाचून दाखव म्हटले की तीच घडाघडा वाचू लागते. पाटीवरचा गुणाकार न येणारा एक मुलगा गाडीत किती मोळ्या बसल्या आणि त्यांचे वजन अदमासे किती भरेल, हे तोंडी सांगतो. हे मला उमजण्यास दोन हंगाम लागले, आणि तोवर त्याला मंद समजण्याचा अन्याय माझ्या हातून घडला, याची खंत अद्याप गेलेली नाही.

बदल्याच नसाव्यात, असे माझे म्हणणे नाही. एकाने अवघड क्षेत्रात उभी हयात काढावी आणि दुसऱ्याने शहराच्या वेशीवर, हा न्याय नव्हे. परंतु शिक्षण हक्क कायद्याच्या प्रमाणानुसार 60 मुलांपर्यंत जेथे दोनच शिक्षक असावयाचे, तेथे एकाची बदली म्हणजे शाळेच्या निम्म्या स्मृतीची बदली होय. म्हणून जाणाऱ्या आणि येणाऱ्या शिक्षकाने शाळा भरलेली असताना निदान आठ दिवस एकत्र शिकवावे, वस्तीवर घरोघर जाऊन यावे, आणि हे दिवस सेवेतच धरले जावेत, अशी तजवीज बदलीच्या हुकमातच असावयास हवी. तेवढे दिवस दुसऱ्या शाळेतील जागा रिकामी राहील, हा आक्षेप मला ठाऊक आहे. मुलांची ओळख होण्यातच सरणारे पहिले वर्ष त्याहून कितीतरी महाग पडते, हे मी स्वतः अनुभवले आहे.

निघालो त्या दिवशी पटांगणात कोणी नव्हते. फाट्यापर्यंत आलो तोच ती तिसरीतील मुलगी मागून धावत आली. सुटीत वाचावयास नेलेले गोष्टींचे पुस्तक तिच्या हातात होते.

"गुरुजी, हे आता कुणाकडं द्यायचं?"

जूनमध्ये नव्या बाई येतील, त्यांच्याकडे दे, असे मी म्हणालो. बाई कशा आहेत, असे तिने विचारले. मी त्यांना पाहिलेले नव्हते.