गुणपत्रिकेतला रकाना

तुकडोजी महाराजांची भजनं सर्वांत कान देऊन कोणी ऐकली असतील, तर ती इंग्रज सरकारनं. खंजिरी कशी वाजली, सूर कुठं लागला, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. त्याचं लक्ष शब्दांकडे होतं. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’ चळवळीत विदर्भातलं चिमूर-आष्टी पेटलं. त्याच महिन्यात महाराजांना चंद्रपुरात अटक झाली. आधी नागपूरचा तुरुंग, मग रायपूरचा. भजन म्हणणाऱ्या माणसाला.

आता मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरकडच्या खंजिरी भजन स्पर्धा पाहा. मांडव, पुरुष गट, महिला गट, बाल गट. भगव्या टोप्या, एकसारखे सदरे. भजन दारूवर असतं, लग्नातल्या उधळपट्टीवर असतं, शिवाशिवीवर असतं. परीक्षकाच्या हातातल्या कागदावर मात्र सहसा रकाने असतात ते सूर, ताल, पाठांतर आणि गणवेशाचे. दारूवरचं भजन तालात बसलं की झालं. टाळ्या पडतात. पहिल्या रांगेतूनही पडतात. त्या रांगेत कोण बसतं आणि बक्षिसाची रक्कम कोणाच्या खिशातून येते, हे गावाला वेगळं सांगायला नको.

कला आहे, कलेसारखी घ्या, असं म्हणणारे भेटतात. घ्या की. पण महाराजांनी खंजिरी गाण्याच्या हौसेपायी उचलली नव्हती. गावातली घाण, गावातलं व्यसन, गावातली भांडणं हा त्यांचा विषय. तो अजून शिळा झालेला नाही.

तिकडे मेक्सिकोत १९९७ मध्ये मोलोटोव्ह या रॉक बँडचा पहिला अल्बम ठेवायला दुकानदारांनी नकार दिला. त्यात शिव्या होत्या, मुखपृष्ठ आक्षेपार्ह होतं आणि राज्यकर्त्यांवर सरळ बोट होतं. पोरांनी तो रस्त्यावर उभं राहून विकला. त्या शिव्यांची भलामण करायचं कारण नाही. काही गाणी खरोखरच वाईट आहेत. पण नको म्हणणाऱ्यांना त्यात नको म्हणण्याजोगं काहीतरी सापडलं होतं. आपल्याकडे कोणालाच काही सापडत नाही. दारूच्या दुकानाशी ज्याचं साटंलोटं, तोच दारूबंदीच्या भजनाला ढाल देतो आणि मंडळ ती वाकून घेतं.

पुढच्या स्पर्धेत परीक्षकांनी एक रकाना वाढवून पाहावा. भजन चालू असताना पहिल्या रांगेतलं कोण उठून गेलं? त्याला दहा गुण ठेवावेत.