आमोण्याची सुरळी

परवा मांडवीकाठच्या आमोणे गावी जाणे घडले. सायंकाळी परतताना रस्त्याकडेच्या एका गाड्यावर ‘रोल’ अशी पाटी दिसली. शब्द परका खरा. पण हाती आली ती आपली पोळीची सुरळीच! लहानपणी आई तूपसाखर लावून देत असे, येथे आत बटाट्याची सुकी भाजी, कांदा आणि झणझणीत हिरवी चटणी. कलकत्त्याच्या वाचकांस ‘काठी रोल’ ठाऊक असेल. त्याचीच ही शाकाहारी बहीण.

गाडेवाला आमचा जुना विद्यार्थी निघाला. नववीत शाळा सोडून खनिजाच्या ट्रकवर जाताना, “सर, तुमच्यापेक्षा जास्त मिळवीन,” असे त्याने आम्हांस ऐकविले होते. आणि काही वर्षे मिळविलेही. पुढे २०१२ साली खाणी थांबल्या, सुरू झाल्या आणि २०१८ साली न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. कर्जाचा ट्रक दारात गंजला.

“पोळ्या कोण लाटते?” आम्ही विचारले.

“आई लाटते, सर. पहाटे चारला उठते.”

पैसे मात्र घेईना. आम्हीही हट्टास पेटलो. अखेर एका सुरळीचे घेतले; खाल्ल्या होत्या दोन.