तळहातावर मावणारं कासव विकत घेऊ नका

मोबाइलवर 'फॉरेन टॉर्टॉइज'ची, म्हणजे परदेशी महाकाय कासवाच्या पिल्लाची, जाहिरात दिसली, तर भाव विचारू नका. गंमत म्हणून ती मित्राला पुढेही पाठवू नका.

मार्च २०२१मध्ये गॅलापागोस बेटांवरच्या बाल्ट्रा विमानतळावर एका सुटकेसमध्ये महाकाय कासवांची १८५ पिल्लं सापडली. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, काही तर मेलेलीच. गिऱ्हाईक कुठेतरी आहे या खात्रीशिवाय कोणी अशी बॅग भरत नाही. ते गिऱ्हाईक आपल्या गावातलं नसावं, एवढ्यासाठी हे आवाहन.

हिंदी महासागरात काय झालं तेही पाहा. मॉरिशसमध्ये मराठी कुटुंबं पिढ्यानपिढ्या नांदताहेत, पण आपले मजूर त्या बेटावर उतरू लागले तोवर तिथली मूळची महाकाय कासवं जवळपास संपली होती. अन्नपाण्यावाचून महिनोन्‌महिने तग धरणारा हा प्राणी खलाशांना जिवंत शिदोरी म्हणून सोयीचा पडला. रॉड्रिग्जवरून तर जहाजंच्या जहाजं भरून गेली. मॉरिशस, रियुनियन, रॉड्रिग्ज या तीन बेटांवरच्या पाचही जाती कायमच्या नष्ट झाल्या.

उरली ती सेशेल्सच्या अल्डाब्रा बेटावरची. त्यांना वाचवा, असं पत्र १८७४मध्ये मॉरिशसच्या गव्हर्नरला गेलं. सही करणाऱ्यांत डार्विनही होता. आज तिथे सुमारे एक लाख कासवं आहेत. आकडा ऐकून निर्धास्त होऊ नका. जंगली म्हणावीत अशी जवळजवळ सगळी त्या एकाच प्रवाळबेटावर आहेत, आणि बेट समुद्रसपाटीहून जेमतेम काही मीटर उंच. आंतरराष्ट्रीय लाल यादीत ही जात 'असुरक्षित' आहे. मादी वयात यायलाच वीसेक वर्षं लागतात, त्यामुळे गेलेली कासवं लवकर भरून येत नाहीत.

"फार्मवरचं आहे, साहेब," असं विकणारा सांगेल. कागद मागा. २०२२च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्यानुसार अशा परदेशी प्रजाती बाळगायला नोंदणी लागते. शिवाय आज तळहातावर बसलेलं पिल्लू नर निघालं, तर उद्या दोनशे किलोंच्या पुढे जाईल आणि तुमच्या नातवंडांनाही पुरून उरेल. फ्लॅटच्या गॅलरीत त्याला कुठे ठेवणार?

असा व्यवहार दिसला, तर महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा. कासव आधीच घरी आणलं असेल, तर घाबरून विहिरीत किंवा तळ्यात सोडू नका. हा जमिनीवरचा प्राणी आहे, तिथे तो जगणार नाही. तोच क्रमांक फिरवा आणि ते वन विभागाच्या ताब्यात द्या.